तंबोरा मागे का हटला नाही: एका आधारस्वराचा प्रकरण अभ्यास

पुण्या-मुंबईत ख्यालगायनाच्या मैफलीला गेलात तर रंगमंचाकडे जरा नीट बघा. गायकाच्या मागे दोन शिष्य तंबोरे उभे धरून बसलेले असतात. त्यांच्या शेजारी पुष्कळदा एक छोटा इलेक्ट्रॉनिक तानपुरा (तानपुरा म्हणजे तंबोराच) चालू असतो आणि माइकवाल्याने त्याचीही सोय केलेली असते. गायकाच्या फोनमध्ये तानपुऱ्याचं अ‍ॅप असतं ते वेगळंच. षड्जाचा, म्हणजे ‘सा’चा, अखंड आधार देणं हे एकच काम, आणि त्यासाठी तीन पिढ्यांची तीन साधनं हजर. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बाजारात येऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. नवं आलं की जुनं जातं, हा हिशेब खरा असता तर लाकडी तंबोरा एव्हाना भिंतीवर टांगलेला दिसला असता. तसं झालं नाही. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे फुकट अ‍ॅप आल्यावर इलेक्ट्रॉनिक तानपुराही गेला नाही.

ध्वनीच्या क्षेत्रातली जुनी साधनं का टिकतात याचं उत्तर बहुतेक वेळा ‘जुन्याचा आवाज चांगला’ किंवा ‘लोकांना जुन्याचं प्रेम’ यांपैकी एक दिलं जातं. तंबोऱ्याच्या बाबतीत दोन्ही उत्तरं अपुरी पडतात असं माझं मत आहे. नव्या साधनाने तंबोऱ्याचं एक काम उचललं, आणि ते उत्तम उचललं. तंबोरा करत असलेली बाकीची कामं मात्र कुणी मोजलीच नव्हती.

यंत्राने काय सोडवलं

बंगळुरूचे जी. राज नारायण हे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये काम केलेले अभियंते आणि कर्नाटक शैलीचे बासरीवादक. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी इलेक्ट्रॉनिक तंबुरा तयार केला, आणि त्यांची रॅडेल ही कंपनी पुढे घराघरांत पोचली. त्या यंत्राची गरज किती खरी होती हे एकट्याने रियाज करणाऱ्यालाच कळेल. तंबोरा नीट लावायला वेळ लागतो. पावसाळ्यात लाकूड दमट होतं आणि लावलेल्या तारा अर्ध्या तासात उतरतात. मांडीवर तंबोरा घेऊन एका हाताने तो छेडत राहायचं आणि गळ्याने ताना घ्यायच्या, हे नवशिक्याला जड जातं. भोपळा नाजूक असतो, एक धक्का लागला की तडा. मुंबईच्या लोकलमधून तो क्लासला कसा न्यायचा? आणि दोन खोल्यांच्या घरात पोरांच्या हाताला लागणार नाही असा कुठे ठेवायचा?

यंत्राने हे सगळे प्रश्न एका फटक्यात सोडवले. सुराचं बटण फिरवून काळी एक किंवा काळी चार (हार्मोनियमच्या काळ्या पट्टीवरून ओळखला जाणारा सूर) धरायची, गती ठरवायची, पहिली तार पंचमाची हवी की मध्यमाची ते निवडायचं आणि गायला बसायचं. सुरुवातीच्या यंत्रांचा आवाज विद्युत मंडलातून घडवलेला होता. तो तंबोऱ्यासारखा कमी आणि गुणगुणणाऱ्या यंत्रासारखा जास्त वाटायचा. पण तो कधी उतरत नव्हता, आणि रियाजाला तेवढं पुरेसं होतं. पुढे खऱ्या तंबोऱ्याचा मुद्रित आवाज आत साठवलेली यंत्रं आली आणि आवाजाचा प्रश्नही बराच मिटला. आज घरच्या रियाजात लाकडी तंबोरा वापरणारे थोडे आहेत. हे मैदान यंत्राने जिंकलं हे मान्य करूनच पुढे जायला हवं. त्यात मला काही वाईट वाटत नाही. तालुक्याच्या गावातल्या कितीतरी मुलींना यंत्रामुळेच सुरात गाता आलं.

तंबोऱ्याला पर्याय मिळण्याची ही पहिली वेळही नव्हती. संगीत नाटकात ऑर्गन आला आणि बालगंधर्वांच्या काळात तो नाट्यसंगीताचा कणाच झाला. हार्मोनियमही घरोघरी पोचली. दोन्ही वाद्यांत षड्ज-पंचमाच्या पट्ट्या दाबून धरल्या की आधारस्वर मिळतोच. तरी ख्यालाच्या बैठकीत तंबोरा राहिलाच. त्याचं कारण तारेच्या आत आहे.

घोडीवर काय घडतं

तंबोऱ्याला साधारण चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची पितळी तार खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. या तारा ज्या घोडीवरून जातात ती गिटारच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद असते आणि तिचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो. तार छेडली की ती या उतारावर हलकेच टेकत-सुटत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला की आवाज बंद होतो किंवा एकदम उघडतो. धागा नेमक्या जागी बसला की तारेतून गुंजारव सुरू होतो, त्यालाच आपण जवारी बोलली असं म्हणतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या शोधनिबंधात याच घोडीचा विचार केला. पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रात यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने एक नियम सांगितला जाई. तारेतून मूळ सुराबरोबर वरचे बारीक सूर, म्हणजे उपस्वर, निघतात; तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निस्पंद, म्हणजे न हलणारी जागा, येतो, ते उपस्वर ऐकू येऊ नयेत. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, जे उपस्वर गप्प असायला हवेत तेही तिथे ठळक ऐकू येतात, असं रामन यांना दिसलं. याचं कारण त्यांनी रुंद, गोलसर घोडीत आणि तंबोऱ्याच्या त्या धाग्यात शोधलं. कंपन चालू असताना तारेचं टोक घोडीवर एका जागी स्थिर राहत नाही, म्हणून साध्या तारेचा नियम इथे लागू पडत नाही. प्रकाशाच्या विकिरणासाठी नोबेल मिळवणाऱ्या माणसाने आमच्या सुताच्या धाग्यावरही लिहिलं आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

गायकाला या उपस्वरांचा उपयोग काय? काळी एक सुरात गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झचा असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९.३ वर. या तारेचा पाचवा उपस्वर येतो ३४६.५ हर्ट्झवर. तो तार सप्तकातला शुद्ध गंधार. कुणी न वाजवता ऐकू येणारा हाच स्वयंभू गंधार. हार्मोनियमच्या समान वाटण्या केलेल्या सप्तकात हाच गंधार सुमारे ३४९.२ हर्ट्झवर पडतो. फरक तीन हर्ट्झपेक्षाही कमी आहे. पण दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळपास तीन वेळा आवाज वर-खाली हलतो. जो कान हे हलणं ऐकायला शिकला त्याचा गंधार आपोआप जागेवर येतो. किराणा घराण्याच्या गायकीत सुराच्या लगावाला जे महत्त्व आहे, त्याला अखंड बोलणाऱ्या तंबोऱ्याखेरीज आधार नाही. ऑर्गन आणि हार्मोनियम यांना हे काम करता आलं नाही, म्हणून त्यांनी तंबोऱ्याला साथ दिली, त्याची जागा घेतली नाही.

आवाजाने उत्तर पुरं होत नाही

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद थोडा लंगडा पडतो. चांगल्या तंबोऱ्याचं चांगलं ध्वनिमुद्रण आत साठवलेलं असेल आणि बाहेर मोठा स्पीकर असेल, तर स्वयंभू गंधार त्यातही ऐकू येतो. तिसऱ्या रांगेत बसलेल्या श्रोत्याला फरक कळेलच असं नाही. काही फरक आहेतच. यंत्रात तेच काही सेकंद पुन्हा पुन्हा फिरत राहतात. दोन तंबोऱ्यांच्या छेडण्यात मात्र नेहमी थोडं पुढेमागे होतं आणि त्यातून आवाजाची न संपणारी वीण तयार होते. यंत्राचा आवाज एका खोक्यातून येतो. तंबोरे गायकाच्या कानामागे दोन्ही बाजूंना असतात आणि तो त्या आवाजाच्या आत बसून गातो. हे फरक खरे आहेत, पण एवढ्यासाठी कुणी मोठं, नाजूक, वेळखाऊ वाद्य चाळीस वर्षं सांभाळलं नसतं.

मला दिसलेलं मुख्य कारण आहे तंबोरा लावणं. मैफलीआधी ग्रीनरूममध्ये गायक तंबोरा मांडीवर घेतो आणि खुंट्या पिळू लागतो. आधी जोड मिळवतो, मग खर्ज, मग पहिली तार. मालकंस गायचा असेल तर पंचम उतरवून मध्यम, मारवा किंवा पुरिया असेल तर शुद्ध निषाद. जवळपास आलं की खुंटी सोडून घोडीच्या खालचे मणी सरकवायचे, कारण खुंटीने केसभर फरक साधत नाही. मग दुसरा तंबोरा पहिल्याशी जुळवायचा. हे पंधरा-वीस मिनिटांचं काम बाहेरून तयारीसारखं दिसतं, पण त्या वेळात गायकाचा कान रागाच्या घरात शिरत असतो. निषाद मिळवताना मारव्यातलं षड्जाचं दुरावलेपण त्याच्या कानात आधीच भरतं. त्या दिवसाची हवा, त्या सभागृहातला घुमार, त्या दिवशीचा गळा, सगळ्याचा अंदाज तिथे येतो. कधी सूर अर्ध्या पट्टीने खालीही घेतला जातो. यंत्रात हे काम बटण दाबून होतं, म्हणजेच गायकाला ते करावं लागत नाही. रियाजात हा फायदा आहे. मैफलीच्या तोंडावर त्याच फायद्याने गायकाचं काहीतरी हिरावलं जातं.

दुसरं काम तंबोऱ्यावर बसणाऱ्याचं. गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसणं ही आपल्याकडची जुनी शिकवणी आहे. मधल्या बोटाने पंचम, मग तर्जनीने उरलेल्या तीन तारा, नख न लागता, बोटाच्या मांसल भागाने. लय सारखी ठेवायची, पण तबल्याच्या तालात जायचं नाही. विलंबित एकताल चालू असताना हात त्याच्याकडे ओढला जातो. तो ओढला जाऊ द्यायचा नाही, हेच मोठं शिक्षण आहे. समोर गुरू रागाची बढत कशी करतात, कुठे थांबतात, समेवर कसे येतात, हे त्या जागेवरून जेवढं कळतं तेवढं क्लासमध्ये कळत नाही. गुरूंनी मान किंचित मागे वळवली की शिष्याने सूर भरायचा. आज नावारूपाला आलेल्या गायकांपैकी बहुतेकांनी आपल्या गुरूच्या मागे अशी वर्षं काढली आहेत. इलेक्ट्रॉनिक तानपुरा ठेवला तर आधारस्वर मिळेल, पण शिष्याला रंगमंचावर बसायला निमित्त उरणार नाही. हे काम यंत्र बनवणाऱ्यांच्या यादीत कधी नव्हतंच, त्यामुळे त्यावर कुणी तोडगाही काढला नाही.

रंगमंचावर यंत्र सोबतीला का असतं याचंही उत्तर इथेच मिळतं. वातानुकूलित सभागृहात दिव्यांच्या उष्णतेने तारा हलतात, मध्येच एखादी तार तुटते. अशा वेळी न हलणारा एक आधार मागे चालू असला की गायक निर्धास्त असतो. तंबोऱ्याच्या कमकुवत बाजूवर यंत्र उभं आहे आणि यंत्राला जे जमत नाही तिथे तंबोरा. दोघांनी काम वाटून घेतलं आहे.

अ‍ॅप आलं तरी खोकं राहिलं

स्मार्टफोन आल्यावर तानपुऱ्याची अ‍ॅप आली. काही फुकट, काही थोड्या पैशांत. तंबोऱ्याचे अनेक मुद्रित आवाज, तबल्याचे ठेके, सुराची बारीक जुळवणी, सगळं खिशात. आता इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवणाऱ्यांचं संपलं असं वाटणं साहजिक होतं. तरी वाद्यांच्या दुकानात ती यंत्रं अजून मिळतात आणि गायनाच्या क्लासमध्ये कोपऱ्यात चालू दिसतात.

कारणं साधी आहेत. तान रंगात आली असताना फोन वाजतो आणि षड्ज बंद पडतो. ज्येष्ठ शिक्षकांना बटण हाताने फिरवायची सवय असते, डोळे न उघडता. आणि फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून ६९ हर्ट्झचा खर्ज बाहेर पडूच शकत नाही. वरच्या उपस्वरांवरून आपला मेंदू तो मनाने भरून काढतो, पण मांडीला जाणवणारी खर्जाची थरथर येत नाही. मोठा स्पीकर जोडावा लागतो, म्हणजे पुन्हा एक खोकं आलंच. जे यंत्र एकच काम करतं ते त्या कामापुरतं नेहमी तयार असतं, ही सोय अ‍ॅपला देता आली नाही.

अ‍ॅपचा खरा कस २०२० च्या टाळेबंदीत लागला. पुण्यातले गुरू आणि न्यू जर्सी, लंडन, सिंगापूरमधले मराठी विद्यार्थी यांची शिकवणी व्हिडिओ कॉलवर आधीही चालत होती, टाळेबंदीत ती सगळ्यांचीच झाली. तिथे एक विचित्र अडचण आली. कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट काढून टाकायची सोय असते. पंख्याचा किंवा एसीचा सतत एकसारखा आवाज ते ओळखतं आणि पुसून टाकतं. तंबोराही सतत एकसारखा वाजतो. त्यामुळे गुरूंच्या खोलीत तानपुरा भरभरून चालू असायचा आणि विद्यार्थ्याला फक्त गळा ऐकू यायचा, तोही लांबवलेल्या स्वरावर मध्येच तुटणारा. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा पर्याय शोधून चालू करावा लागे. तरी आवाज पोचायला लागणारा उशीर राहायचाच. शेवटी दोन्ही टोकांना आपापला तानपुरा एकाच सुरात लावायचा, ही पद्धत रूढ झाली. या एका कामात अ‍ॅपला तोड नाही. साता समुद्रापलीकडे एकच सूर क्षणात जुळतो.

मिरज

या सगळ्या टिकण्यामागे एक गाव आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग निर्मितीकडे वळली. फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव या परंपरेच्या आरंभी घेतलं जातं. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि गावाचं नाव गाण्याशी कायमचं जोडलं गेलं. सतारमेकर गल्ली आजही आहे. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. हा कडू भोपळा खाण्याचा नाही, वाद्यासाठीच लावतात. मोठा, जाड सालीचा, गोल भोपळा महिनोन्महिने वाळवायचा, भिजवून आकार द्यायचा, मग त्यावर तूण लाकडाची तबली आणि दांडी बसवायची. घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. ते कायद्याने बंद झाल्यावर उंटाचं हाड, शिसव आणि कृत्रिम साहित्य आलं.

जवारी काढणं हे यातलं सर्वांत अवघड काम. कारागीर घोडी उतरवतो, माथ्यावर कानस किंवा पॉलिश पेपर दोन-चार वेळा फिरवतो, पुन्हा बसवतो, तार चढवतो, धागा सरकवतो, ऐकतो. पुन्हा उतरवतो. एका तारेची जवारी उघडली आणि शेजारची बंद झाली तर परत पहिल्यापासून. चारही तारांचा गुंजारव सारख्याच लांबीचा यावा लागतो. किती घासायचं याचं माप कुठे लिहिलेलं नाही, ते हाताला आणि कानाला माहीत असतं. तारा रोज टेकून टेकून घोडीवर खाचा पडतात, म्हणून नियमित वापरातल्या तंबोऱ्याची जवारी पुन्हा पुन्हा काढून घ्यावी लागते. जवारी गेलेला तंबोरा नुसता टणटण वाजतो, आणि तसा तंबोरा घेऊन बसण्यापेक्षा अ‍ॅप बरं हे मीही म्हणेन.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्याचा आनंद झाला. पण मानांकनाने नावाचं रक्षण होतं; घोडी घासणारे हात त्याने तयार होत नाहीत. घरचा रियाज यंत्राकडे गेला तेव्हा घरोघरचे तंबोरेही गेले, आणि त्यांच्याबरोबर दुरुस्तीचं रोजचं काम कमी झालं. मैफलींपुरत्या तंबोऱ्यांवर किती कारागिरांचं घर चालणार? कारागिरांची मुलं दुसऱ्या व्यवसायाकडे वळतात यात त्यांचा दोष नाही. नव्या साधनांनी तंबोऱ्याला मैफलीतून हटवलं नाही, पण ज्या वापरावर त्याची दुरुस्ती जगत होती तो वापर काढून घेतला. आज तंबोऱ्याला धोका आहे तो इथे. स्पर्धेत हरण्याची भीती त्याला नाही.

म्हणून गायनाचे क्लास, संगीत विद्यालयं आणि विद्यापीठांचे संगीत विभाग यांच्याकडे माझं मागणं अगदी व्यवहारातलं आहे. रियाज यंत्रावर होऊ द्या, त्यात हरकत नाही. पण क्लासमध्ये निदान एक तंबोऱ्यांची जोडी वापरात ठेवा, आठवड्यातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याला ती स्वतः लावायला द्या, आणि वर्षातून एकदा जवारीसाठी मिरजेच्या कारागिराला प्रवासखर्चासह बोलवा. त्याला बंद खोलीत बसवू नका. विद्यार्थ्यांसमोर घोडी घासू द्या आणि त्या दिवसाचं मानधन एखाद्या पाहुण्या कलाकाराला देतो तसं द्या. खर्च एका छोट्या बैठकीच्या मांडवापेक्षा जास्त येत नाही.